साध्या ताटाची उधारी : मुंबईतील मासळीच्या जेवणामागचा इतिहास

दुपारचा एक वाजला आहे. दादरला गाडीतून उतरलेला एक प्रवासी खांद्याला पिशवी अडकवून परळच्या दिशेने चालू लागतो आणि रस्त्यालगतच्या एका लहानशा खानावळीत शिरतो. दाराशी फळ्यावर खडूने लिहिलेले असते : बांगडा, मांदेली, सुरमई, पापलेट. पापलेटचा भाव वाचून तो बांगडा सांगतो. पाच मिनिटांत ताट येते. वाफाळलेला भात, लालसर कालवण, एक तळलेला बांगडा, तांदळाची भाकरी, कांद्याची चकती, लिंबाची फोड आणि वाटीभर सोलकढी. त्याचे नाव कोणी विचारत नाही, गाव विचारत नाही, जात विचारत नाही. तो जेवतो, पैसे देतो आणि वाटेला लागतो.

अशा जेवणाला 'साधे' म्हणतात आणि 'परंपरागत'ही म्हणतात. साधेपणाबद्दल वाद नाही. परंपरेबद्दल मात्र थोडे थांबावे लागते. किनाऱ्यावर मासा जुना आहे, भात जुना आहे, नारळ आणि कोकमही जुने आहेत. परंतु परक्या शहरात, अनोळखी हातांनी रांधलेले माशांचे ताट, केवळ पैसे मोजून, कोणाही माणसाला मिळावे ही गोष्ट अजिबात जुनी नाही. तिचे वय फार तर दीडशे वर्षे भरेल. आणि ती ज्यांच्यामुळे घडली, त्या बहुतेक सगळ्या बायका होत्या.

आधी ताटाकडेच पाहू. सोलकढीतले कोकम हे पश्चिम घाटाचे स्वतःचे फळ. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी वनस्पतींवरील ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात गोव्यातील 'भिरंड' या नावाशी मिळत्याजुळत्या पोर्तुगीज रूपाने या आंबट फळाचा उल्लेख येतो. गंमत अशी की मुंबईचे बेट काही काळ याच ओर्ताकडे भाडेपट्ट्याने होते. कालवणाचा लाल रंग मात्र तेवढा जुना नाही. मिरची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकल्यानंतर त्यांच्या जहाजांच्या वाटेने ती या किनाऱ्यावर रुळली, आणि तिखटपणाच्या जुन्या मानकरणीवरून, म्हणजे मिरीवरून, तिचे नाव पडले. त्याआधीचे कालवण मिरी, तिरफळ, आले यांच्या जोरावर तिखट होत असणार. आजही बांगड्याच्या नि तारलीच्या कालवणात तिरफळे टाकतात, ती या जुन्या चवीची खूण मानता येते.

कालवण हा शब्दही सर्वत्र चालत नाही. मालवणकडे तिखले, गोव्यात हुमण, कोठे नुसते सार. भांड्यातला पदार्थ थोड्याफार फरकाने तोच असतो. पण जेवणाऱ्याने कोणता शब्द उच्चारला यावरून तो कोणत्या खाडीच्या अलीकडचा नि कोणत्या पलीकडचा, हे वाढणारीला कळते.

मुंबईच्या बेटांवर मासळी तर शहराच्याही आधीची. कोळ्यांची गावठाणे पोर्तुगीजांपूर्वीची. १६६१ च्या विवाह-तहाने मुंबई इंग्लंडच्या राजाकडे गेली आणि १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे आली, तेव्हा इथे उतरलेल्या इंग्रजांच्या नाकाला पहिली जाणवली ती माशांची घाण. नारळीच्या झाडांना मासळीचे खत घालण्याची इथे रीत होती, आणि बेटावरची हवा रोगट असण्याचे कारण तेच, असे सतराव्या शतकातल्या प्रवाशांनी लिहून ठेवले आहे. म्हणजे मासा इतका मुबलक की तो झाडांनाही घातला जाई. तरीही त्या काळी मुंबईत उतरलेल्या परक्या माणसाला दुपारी माशांचे तयार ताट विकत मिळाले असते का? फारसा संभव नाही.

कारण अन्न तेव्हा घराचे होते, जातीचे होते. प्रवासाला निघालेला माणूस शिधा बांधून निघे. धर्मशाळेत त्याला निवारा मिळे, पाणी मिळे, क्वचित सरपण मिळे. चूल त्याची त्यालाच मांडावी लागे. अन्नछत्रे होती, पण ती प्रामुख्याने ब्राह्मणांसाठी आणि बैराग्यांसाठी. उत्तरेकडील सरायांत भटियारे मुसलमान प्रवाशांना शिजवून देत. कोकणातला कुणबी वा भंडारी परगावी गेला, तर नातलगाचे किंवा जातभाईचे घर शोधी. नाही सापडले, तर भाकरी आणि सुक्या जवळ्याची पुरचुंडी बरोबर असेच. कोणाच्या हातचे खावे याचे नियम इतके पक्के होते की 'भूक लागली, विकत घेतले' हा व्यवहारच उभा राहू शकत नव्हता.

हा व्यवहार उभा राहिला तो कापसामुळे.

१८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतली पहिली कापड गिरणी स्थापन केली. शतक संपेपर्यंत गिरण्यांची संख्या ऐंशीच्या घरात गेली, आणि १९२० च्या दशकात त्यांत दीड लाखाच्या आसपास माणसे काम करीत होती. यांतला फार मोठा भाग एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातून आलेला. त्या काळच्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्गही धरायचा. तो वेगळा झाला १९८१ मध्ये. जमीन खडकाळ, वाटण्या होऊन तुकड्यांवर आलेली, त्यावर खोताचा धारा. घरातला एक पुरुष मुंबईला धाडायचा आणि त्याच्या मनीऑर्डरवर गावचे घर चालवायचे, ही कोकणची शतकभराची रीत होऊन बसली. हे चाकरमानी किनाऱ्याने आगबोटीतून येत. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणजे गाव बंद. कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण व्हायला १९९८ उजाडले.

येणारा पुरुष एकटाच असे. बायको, म्हातारे आईबाप, मुले गावी. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या शिरगणतीत मुंबईत पुरुषांच्या मानाने बायकांची संख्या निम्म्याच्या थोडी वर दिसते. गिरणगावात लालबाग, परळ, लोअर परळ, वरळी या पट्ट्यात एकेका चाळीच्या खोलीत पंधरा-वीस बाप्ये राहत. बऱ्याचदा ती खोली गावकरी मंडळाची असे. पेट्या भिंतीला लावलेल्या, वळकट्या दोरीवर, दिवसपाळीचे उठले की रात्रपाळीचे पडायचे. गोव्याच्या ख्रिस्ती दर्यावर्दी लोकांचे धोबीतलाव-गिरगावकडचे 'कूड' हे याच जातीचे. तिथेही एकेका गावाची एकेक खोली. प्रश्न दोन्हीकडे एकच होता. दहा तास साच्यावर उभे राहिल्यावर जेवण करणार कोण?

उत्तर त्याच चाळीत, दोन खोल्या सोडून राहत होते. ज्याचे बिऱ्हाड मुंबईत आहे अशा एखाद्या कामगाराची बायको, किंवा नवरा गेलेली बाई, गावच्या चार माणसांना दोन वेळचे जेवण घालू लागे. चाराचे दहा होत, दहाचे वीस. खोली तीच, दहा बाय दहाची. पहाटे चार वाजता स्टो किंवा चूल पेटे, कारण पहिल्या पाळीचे डबे भोंग्याच्या आधी भरायचे असत. महिन्याचा दर ठरलेला. जो दिवस माणूस जेवला नाही, त्या दिवसाचा 'खाडा' धरायचा. महिनाअखेरीस किती खाडे झाले यावरून दरमहा बारीकसारीक वाद होत, आणि निकाल बहुधा बाईच्या स्मरणशक्तीवर लागे, कारण कित्येकींना लिहिता येत नव्हते. भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढून हिशेब ठेवला जाई. आज आपण ज्याला खानावळ म्हणतो त्या संस्थेचा मुंबईतला हा पाया. टेबले नि बाके नंतरची.

ताटात काय असे? पगार कशाला पुरतो, त्यावर ते ठरे. १९२३ मध्ये मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने गिरणी कामगारांच्या कुटुंबखर्चाची पाहणी प्रसिद्ध केली. तिचा एक निष्कर्ष आजही वाचताना खटकतो : कामगाराच्या पोटात जाणारे धान्य दुष्काळी कामांवरच्या मजुराला ठरवून दिलेल्या कमाल शिध्याइतके भरत होते, पण मुंबईच्या तुरुंगांच्या नियमावलीत कैद्याला नेमून दिलेल्या अन्नापेक्षा ते कमी होते. जगभर कापड विकणाऱ्या शहरात साचे चालवणारा माणूस कैद्यापेक्षा कमी खात होता, आणि हे सरकारी कागदानेच सांगितले होते.

या हिशेबात मासा बसला तो स्वस्त होता म्हणून. अर्थात सगळा मासा नव्हे. पापलेट, रावस, सुरमई हे साहेबाच्या, पारशाच्या, शेटजीच्या टेबलाकडे जात. चाळीच्या जिन्यात कोळीण पाटी उतरवी तिच्यात बांगडा, तारली, मांदेली, बोंबील असत. पावसाळ्यात सुका बोंबील, जवळा, सोडे. दुपार टळल्यावर उरलेल्या पाटीचा भाव पडे, आणि खानावळवाली नेमकी त्या वेळेची वाट पाही. एक बाई विकणारी, एक बाई रांधणारी. दोघींमध्ये होणारी घासाघीस हीच त्या ताटाची किंमत ठरवणारी खरी जागा होती. बाजारभावाच्या कोणत्याही सरकारी तक्त्यात ती सापडायची नाही.

बोंबलाबद्दल एक फाटा. 'बॉम्बे डक' हे त्याचे इंग्रजी नाव रेल्वेच्या टपालडब्यावरून, म्हणजे 'बॉम्बे डाक'वरून पडले, अशी गोष्ट हमखास सांगितली जाते. टपालाच्या डब्यातून सुका बोंबील जाई, त्याचा वास सुटे, म्हणून ते नाव. ऐकायला झकास आहे. परंतु मुंबई-ठाणे रेल्वे धावली १८५३ मध्ये, आणि हे नाव इंग्रजी लिखाणात त्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून आढळते. तेव्हा ही गोष्ट पुढच्या वेळी कोणी सांगितली, तर तिची तारीख विचारावी.

भाताचीही एक कथा आहे, आणि ती बोंबलाच्या कथेपेक्षा गंभीर आहे. 'कोकणचा भात' असे म्हणताना डोळ्यांसमोर खाचरे येतात. गिरणगावच्या ताटात मात्र फार मोठ्या प्रमाणात ब्रह्मदेशचा तांदूळ असे; लोक त्याला 'रंगून तांदूळ' म्हणत. तो जहाजांनी येई, स्वस्त असे, आणि कोकणच्या बंदरांवरही उतरे, कारण कोकणचा तांदूळ कोकणालाही पुरत नव्हता. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि ही वाट बंद झाली. १९४३ मध्ये मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. वीस माणसांना जेवू घालणाऱ्या बाईला आता वीस माणसांची कार्डे सांभाळावी लागली. ज्याचे कार्ड नाही त्याला तिने भात कोठून वाढायचा?

आता या व्यवस्थेच्या मुळाशी असलेल्या गोष्टीकडे यावे लागते, ती म्हणजे उधारी. गिरण्यांत पगार महिन्याने मिळे, आणि तोही महिना संपल्यावर लगेच नव्हे. दहा-पंधरा दिवस उलटल्यावर मागच्या महिन्याचा पगार हाती येई. म्हणजे नव्याने लागलेला माणूस सहा आठवडे कमाईवाचून काम करी. पगार अमुक दिवसांच्या आत दिलाच पाहिजे, असा कायदा झाला १९३६ मध्ये. तोवर, आणि काही अंशी त्यानंतरही, या सहा आठवड्यांत त्याला जगवायचे कोणी? मालकाने नव्हे. खानावळवालीने. ती त्याला आज जेवू घाली आणि पैसे दीड महिन्याने घेई. त्या दीड महिन्याचा तांदूळ, मिरची, तेल, नारळ ती वाण्याकडून उधार आणी, आणि उधारीचा माल वाणी रोखीच्या भावाने देत नसे. कमी पडले तर सावकार होताच, व्याज रुपयाला आणे या हिशेबाने. तारण म्हणून बाईच्या अंगावरचे सोने. तेही बहुधा मंगळसूत्राच्या दोन वाट्या नि कानातली फुले इतकेच.

हे नीट लक्षात घेण्यासारखे आहे. गिरणीमालकाने पगार उशिरा दिला की त्याचे भांडवल तेवढे दिवस वापरात राही. त्या उशिराचा भार चाळीतल्या एका खोलीवर, एका बाईच्या वाण्याकडच्या वहीवर पडे. मुंबईच्या औद्योगिक इतिहासावर पुष्कळ लिहिले गेले आहे : गिरणीमालक, कामगार पुढारी, संप, सुताचे भाव. या वहीवर त्या मानाने फार थोडे.

संपाच्या काळात ही वही उघडी पडे. १९२८ चा सार्वत्रिक संप एप्रिलच्या अखेरीस सुरू झाला आणि ऑक्टोबरपर्यंत चालला. याच संपात गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावटा, उदयाला आली. सहा महिने पगार नाही. अनेक कामगार गावी गेले. जे राहिले ते जेवत होते. त्यांचे खाडे कोणी धरले असतील असे वाटत नाही.

त्याच संपाच्या निमित्ताने आणखी एक प्रश्न पुढे आला, आणि तो थेट तोंडाशी निगडित होता. गिरण्यांच्या विणकाम खात्यात, जिथे पगार चांगला, तिथे अस्पृश्य मानलेल्या कामगारांना घेत नसत. कारण असे सांगितले जाई की धोट्यातल्या कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो, आणि त्यांच्या तोंडचा धोटा इतर जातींचा विणकर तोंडाला लावणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय संपाच्या वाटाघाटींच्या ऐन काळात ठणकावून मांडला. जिथे धोटा चालत नव्हता तिथे ताट कसे चालणार? खानावळी जातीच्या आणि जिल्ह्याच्या ओळखीवर चालत. जेवणारे गावचेच असल्यामुळे जात आपोआप ठाऊक असे, विचारण्याची गरज नसे. महार कामगारांची जेवणाची सोय त्यांच्या वस्तीतच असे. शहरातल्या हॉटेलांत 'हिंदू हॉटेल' अशा पाट्या असत, आणि त्या पाटीच्या आतही कोणाला कपबशी वेगळी. म्हणून सुरुवातीच्या प्रवाशाला 'जात कोण विचारत नाही' हे जे सहज मिळाले, ते खानावळीने दिले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. भारतीय राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नावानिशी उल्लेख आहे. १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता रद्द झाली. १९५५ च्या कायद्याने ती पाळणे हा शिक्षापात्र गुन्हा ठरला. देशाच्या घटनेत उपाहारगृहाला जागा द्यावी लागली, यावरून हे ताट किती ठिकाणी अडवले जात होते, ते समजते.

दरम्यान शहरात जेवणाची इतर घरेही उभी राहत होती. इराण्यांची, उडुपींची, आणि गिरगाव-दादरच्या मध्यमवर्गासाठी गोमंतकी पद्धतीची. खोताच्या वाडीतले, आता बंद झालेले, 'अनंताश्रम' हे नाव मासे खाणाऱ्या जुन्या मुंबईकराच्या तोंडी अजून येते. तिथे महिन्याच्या बोलीवर बांधून घेण्याची गरज नव्हती. या, जेवा, पैसे द्या. चाळीतल्या खानावळीतूनही हळूहळू काही रस्त्यावर आल्या. खोलीचे दुकान झाले, पाटाचे बाक झाले, महिन्याचा दर एका ताटाच्या दरात मोडला गेला. बाहेर पाटी लागली : 'राईस प्लेट तयार आहे'. प्रवाशाला ताट मिळू लागले ते या टप्प्यावर. पण चाळीतल्या बहुसंख्य बाया रस्त्यावर आल्या नाहीत. त्यांच्याकडे दुकानाच्या पागडीचे पैसे नव्हते.

गिरण्यांतून बायकांचे काम कमी होत जाण्याचाही इथे संबंध आहे. १९२० च्या दशकात गिरणी कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा बायका होत्या, मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या खात्यांत. पुढे नवी यंत्रे आली, बायकांच्या रात्रपाळीवर बंदी होतीच, बाळंतपणाच्या भत्त्याचा खर्च मालकांना नकोसा झाला. दशकामागून दशक ही संख्या उतरत गेली. गिरणीचे दार बंद झालेल्या बाईला खोलीतली चूल उरे.

१९७० च्या दशकात या बायकांकडे प्रथम कोणी तरी कामगार म्हणून पाहिले. प्रेमा पुरव या गोवामुक्तीच्या लढ्यातून आलेल्या, गिरणगावात डाव्या कामगार चळवळीत काम करणाऱ्या कार्यकर्त्या. संपात कामगारांना जेवू घालणारी बाई स्वतः कर्जात बुडते, तिचे डाग गहाण पडतात, आणि संप मिटल्यावर तिच्या थकबाकीचा प्रश्न कोणाच्याही मागणीपत्रात नसतो, हे त्यांनी जवळून पाहिले होते. १९६९ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि दुर्बल घटकांना कर्ज द्यावे असे धोरण ठरले होते. मग खानावळवालीला का नको? अडचण अशी की बँकेला तारण हवे, जागेचा कागद हवा, धंद्याची नोंद हवी. बाईकडे होती फक्त वाण्याची वही. तेव्हा बायकांनी गट करून एकमेकींची हमी घ्यायची, असा मार्ग निघाला. १९७५ मध्ये मूठभर खानावळवाल्यांना घेऊन 'अन्नपूर्णा महिला मंडळ' सुरू झाले. पुढे हजारो बायकांपर्यंत त्याची कर्जे पोहोचली. सावकाराकडे टाकलेले सोने सोडवून आणणे, हा अनेकींच्या कर्जाचा पहिला उपयोग होता. लहान कर्जे आणि बायकांचे गट यांची चर्चा पुढे जगभर झाली; गिरणगावात ती खानावळीच्या निमित्ताने आधीच चालू होती.

मग १९८२ आले. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. साठाहून अधिक गिरण्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार. हा संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला. कामगारांच्या उपासमारीबद्दल, गावी परतलेल्या चाकरमान्यांबद्दल, नंतर विकल्या गेलेल्या जमिनींबद्दल बरेच लिहिले गेले. खानावळींचे काय झाले? आरंभीचे काही महिने त्या चालल्या, कारण संप आज ना उद्या मिटेल असेच सगळ्यांना वाटत होते, आणि आजवरचे संप मिटलेच होते. जेवणारे बाकी ठेवून गावी गेले आणि परत आले नाहीत. त्यांच्यापैकी बहुतेकांना बुडवायचे नव्हते. त्यांच्याकडे द्यायला काही नव्हते. वाण्याची बाकी मात्र बाईच्या नावावर राहिली. ज्या खानावळी टिकल्या त्यांनी गिऱ्हाईक बदलले : कचेऱ्यांत डबे, लग्नकार्याच्या पोळ्या, आणि रस्त्यावरून जाणारा, आजच आलेला, उद्या न दिसणारा माणूस. प्रवासी.

ताटातला मासाही तोवर बदलला होता. यांत्रिक नौका, नायलॉनची जाळी, बर्फाचे कारखाने आणि निर्यात यांनी किनाऱ्याचे अर्थकारण पालटले. परंपरागत मच्छीमार आणि ट्रॉलर यांच्यातल्या झगड्यांतून १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा आला. आज १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत मागवलेली सुरमई बहुधा शीतगृहातून आलेली असते, हे फळ्यावर लिहिलेले नसते. २०२३ मध्ये पापलेट राज्याचा मासा म्हणून जाहीर झाला, आणि त्याच वर्षी माशांच्या ५४ जातींसाठी पकडण्याजोगा किमान आकार ठरवण्यात आला. राज्यमासा घोषित होण्याची वेळ आणि तो ताटातून परवडेनासा होण्याची वेळ एकच असावी, हा योगायोग नव्हे. बांगडा अजून साध्या ताटात आहे. तोही दरवर्षी सारखा मिळत नाही.

परळच्या त्या खानावळीत तीन वाजता गर्दी ओसरते. आत, पडद्यामागे, सकाळपासून उभ्या असलेल्या दोघी-तिघी तळाचा भात नि उरलेले कालवण घेऊन बसतात. तळलेली तुकडी त्यांच्या ताटात सहसा नसते. ती विकली गेलेली असते. बाहेर गल्ल्यावर पैसे आता फोनने येतात, जेवण संपण्याच्या आत जमा होतात. गल्ल्याच्या मागच्या भिंतीवर, देवाच्या तसबिरीखाली, रंग उडालेली एक जुनी पाटी असते : 'आज रोख, उद्या उधार'.